माझ्यात न छापलेली पानं

मी एक पुस्तक आहे. घरात दिव्यांग माणूस असेल तर कुटुंबानं कसं वागावं, हे मी सांगतो. माझ्या कव्हरवर चाकाच्या खुर्चीत बसलेली एक मुलगी हसतेय आणि तिच्यामागं तिचे आईबापही हसतायत. अशी एकाच वेळी हसणारी घरं मी फारशी पाहिलेली नाहीत.

पुण्यात छापला गेलो आणि पुढं नुसता सत्कारांतून फिरलो. हारतुऱ्यांऐवजी पुस्तक द्यायची पद्धत निघाली होती. मुरुम गावच्या एका पुढाऱ्याला मी मिळालो, त्यानं रंगीत कागदही न काढता मला दुसऱ्याच्या सत्काराला दिलं. असा हिंडत हिंडत एका कार्यक्रमात शिवकांताच्या मांडीवर आलो. ती जळकोटची. लहानपणापासून तिचे पाय चालत नाहीत. हात मात्र असे चालतात, की अख्ख्या गल्लीच्या साड्यांना फॉल तीच लावते.

माझा कागद फाडला तिच्या वडिलांनी, सिद्धारामअप्पांनी. त्यांना मोठी अक्षरं दिसत, बारीक दिसत नसत. म्हणून ते नुसते मथळे वाचत आणि लगेच अंमलात आणत.

‘एकटेपणा जाणवू देऊ नका.’ झालं! अप्पा रोज दुपारी शेतातून येऊन तिच्यासमोर स्टुलावर बसू लागले. बोलायला काही नसे, मग तिथंच घोरत. ‘पाहुण्यांसमोर कौतुक करा.’ मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, “आमची शिवकांता चहा लई छान पिते.” ‘घरातले अडथळे काढा.’ त्यांनी उंबरा उखडला, मग दारच काढलं. खुर्ची सरळ आत जाऊ लागली आणि तिच्यामागून शेळीही. शेळीनं माझी अनुक्रमणिका खाल्ली, मधली काही पानंही.

शिवकांता काही बोलायला गेली, की अप्पा मला तिच्या हातात देत. “तुला काय वाटतंय ते पुस्तकात बघून सांग.”

एका संध्याकाळी तिनं विषय काढला. तिला स्टँडजवळ गाळा घेऊन पिको-फॉलचं दुकान टाकायचं होतं. अप्पा म्हणाले, हायवे आहे, ट्रकांचा भरवसा नाही. तरी पुस्तकात असलं तर बघू.

तिनं मला उघडलं. पिको-फॉल हा शब्दच माझ्यात नाही, मी शपथेवर सांगतो. तिनं शांतपणे वाचलं, “मुलीला स्टँडजवळ गाळा घेऊन द्यावा. मशीनला मोटर बसवावी.”

“मोटरचंबी लिहिलंय?”

“लिहिलंय, अप्पा.”

मला घाम फुटायचाच बाकी होता. तेवढ्यात तिच्या आईनं, प्रेमाबाईनं, मला ओढून घेतलं. प्रेमाबाई शाळेत गेलेली नाही. तिनं मला उलटं धरलं आणि ओळीवर बोट फिरवत वाचलं, “आईनं पोरीला जन्मभर उचललं. तिची कंबर गेली. तिला कुणी इचारलं न्हाय.”

शिवकांता आईकडं बघत राहिली. आईची कंबर दुखते, हे तिला माहीतच नव्हतं.

मग अप्पांनी हात पुढं केला. मधेच कुठंतरी उघडलं मला, पण नजर माझ्यावर नव्हती, दार नसलेल्या चौकटीवर होती.

“बापाला भ्या वाटतंय,” त्यांनी वाचलं. “आपल्यामागं हिचं…” आणि थांबले.

“पुढं काय लिहिलंय?” शिवकांतानं विचारलं.

“पुढचं पान शेळीनं खाल्लंय.”

शिवकांतानं मला त्यांच्या हातातून घेऊन मिटलं. मग शिवकांता म्हणाली, खाटेला लागून एक फळी बसवून द्या. खुर्चीतून खाटेवर माझी मी सरकत जाईन, आईनं उचलायचं न्हाय. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी त्या काढून ठेवलेल्या दाराची फळी केली. गाळाही त्यांनीच शोधला, हायवे ओलांडावा लागणार नाही असा, अलीकडच्या बाजूचा.

हल्ली मी त्या गाळ्यात कात्रीशेजारी पडून असतो. पाठ उसवलीय, कोपरे कुरतडलेत, पण तक्रार नाही. मला लिहिणाऱ्या सरांना एवढीच विनंती, की नवी आवृत्ती काढलीत तर अधूनमधून पानं कोरी ठेवा. लोकांना वाचायचं असतं.

काल कुलसुमबी साडी घेऊन आली. तिच्या पोराला, दानियालला, ऐकू येत नाही. बसल्या बसल्या तिनं मला चाळलं आणि विचारलं, यात बहिऱ्या पोराच्या अम्मीचं काही आहे का?

शिवकांतानं मशीन थांबवली.

“तुमीच वाचा,” ती म्हणाली. “मी ऐकते.”