संजू पुण्याला असते

“संजू, पुण्याहून कवा आलीस गं?”

दवाखान्यातल्या खाटेवरून तात्याबांनी विचारलं आणि मोसंब्यांची पिशवी घेऊन पायथ्याशी उभा असलेला सावळाराम एक पाऊल मागे सरकला. शेजारच्या तात्याबांना बघायला तो आला होता. सलाईन बदलायला आलेली नर्स त्याचीच मुलगी निघाली.

संजीवनीने बापाकडे पाहिलं नाही. “कालच आले, तात्याबा. हितं माणसं कमी पडली म्हणून धाडलंय.”

“बरं झालं. आपलं माणूस गावलं.” तात्याबांनी डोळे मिटले.

संजीवनी पुण्याला नव्हतीच. बारामतीतल्या याच दवाखान्यात ती नोकरीला होती आणि वर्षभर जवळच खोली घेऊन एकटी राहत होती. त्याआधी गावाहून, सांगवीहून येऊन-जाऊन करायची तेव्हा दुपारपाळी सुटायला उशीर व्हायचा. भाऊ आणायला जायचा, पण कुरकुरत. एकदा तर तो आलाच नाही. ती कुणाच्या तरी टेम्पोतून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी तिने खोलीचं नाव काढलं.

“घर असताना भाड्यानं ऱ्हायचं? बापानं बिनलग्नाची पोरगी हाकलली म्हणतील लोक!” सावळाराम ओरडला होता.

“मग तुमी येता का न्यायला, आप्पा?”

त्याला पहाटे उठून गावच्या दूध केंद्रावर लोकांचं दूध मोजून घ्यायचं असायचं. झोपमोड नको वाटायची. संजीवनी एकटीच बॅग घेऊन एसटीच्या थांब्यावर गेली.

त्याच आठवड्यात केंद्रावर कुणीतरी विचारलं, “संजू दिसंना?” त्याच्या तोंडून निघून गेलं, “पुण्याला लागली. मोठा दवाखाना हाय. ऱ्हायची सोय त्यांचीच.” त्याने फोन करून तिलाही तेच सांगायला बजावलं. ती नुसतं “बरं” म्हणाली होती.

आता ती जिन्यापर्यंत त्याच्या मागे आली. “माझी जेवणाची सुट्टी हाय. खोली बघता का? मागच्याच गल्लीत हाय.”

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

माडीवर एक खोली, कोपऱ्यात ओटा, दोरीवर दोन पांढरे ड्रेस वाळत टाकलेले. तिने खुर्चीवरचे कपडे उचलून त्याला बसायला दिलं आणि चहा टाकला. तेवढ्यात घरमालकीण सिंधुबाई वर आल्या.

“हे आमचे आप्पा,” संजीवनी म्हणाली.

“अगोबाई! मिळाली का एकदाची सुट्टी?” सिंधुबाई हसल्या. “किती दिवस म्हणते मी, वडील कसे येत नाहीत? ही म्हणायची, लांब कारखान्यावर आहेत, रजाच देत नाहीत. नाहीतर आल्याशिवाय राहिले नसते.”

संजीवनी चहाकडेच बघत राहिली. चहा केव्हाच उकळला होता.

“व्हय,” सावळाराम म्हणाला. “रजा न्हाय गावत.”

चहा गरम असतानाच त्याने घटाघटा प्यायला. जीभ पोळली. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण सिंधुबाई दारातच होत्या. तो नुसता “येतो” म्हणाला.

परतताना तो तात्याबांच्या मुलाच्या, अजितच्या गाडीत बसला. गाव जवळ आलं तसं त्याला राहवेना.

“अजित, संजू पुण्याला न्हाय. मी खोटं बोललो. ती बारामतीतच ऱ्हाती. एकलीच.”

अजितने रस्त्यावरची नजर काढली नाही. “ठावं हाय, काका.”

“कवापासनं?”

“पयल्यापासनं. गावातलं कुणी आजारी पडलं की आमी तिलाच फोन लावतो. आमच्या तात्यास्नी भरती केलं ते तिनंच. फक्त म्हणती, आप्पांपुढं नाव काढू नका, त्यांस्नी वाईट वाटंल.”

“तात्याबास्नी पण ठावं?”

“समद्या गावाला ठावं हाय.”

सावळारामने काच खाली केली. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या. धुरळा आत आला तरी त्याने काच वर घेतली नाही. वर्षभर रोज सकाळी माणसं त्याला विचारत होती, संजू काय म्हणती, पुणं मानवलं का. आणि तो एकेकाला रंगवून सांगत होता.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर सगळ्यांत पुढे गोजरबाई होती. किटली टेकवत तिने नेहमीसारखं विचारलं, “संजू बरी हाय का, पुण्यात?”

मागच्या रांगेतल्या माना इकडे वळल्या. सावळारामने माप हातात धरलं, मग खाली ठेवलं.

“पुण्यात न्हाय, गोजराक्का. बारामतीतच हाय. खोली घिऊन ऱ्हाती. काल बघून आलो.”

“आस्सं का?” गोजरबाई म्हणाली, जणू आत्ताच कळलं. “चांगली हाय का खोली?”

“चांगली हाय,” तो म्हणाला. “उजेड येतो.”

तिने किटली पुढे सरकवली. तो दूध मोजू लागला, मान खाली घालून.