उघड्या पाठीचे हेडफोन

कवळ्या बनवण्याच्या कामात बत्तीशीरावांचा हात धरणारा गावात दुसरा कोणी नव्हता. बत्तीशीराव हे नाव अर्थातच मित्रांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं होतं की खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. स्वभाव गमत्या, पण एक खोड होती. एखादी गोष्ट आपल्याला कळते असं एकदा जाहीर केलं, की मग माघार नाही.

या वेळी त्यांनी जाहीर केलं होतं की आपल्याला आवाजातलं कळतं.

महिनाभर त्यांनी घरात हेडफोनवर प्रवचनं दिली. घरात ऐकणाऱ्या दोघीच. बायको वाचनालयात ग्रंथपाल होती आणि सासूबाई वर्षभरापूर्वी त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. हेडफोन घेताना दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, "याला सोबत अ‍ॅम्प्लिफायर लागेल हं. फोनच्या जिवावर हा चालणार नाही." बत्तीशीराव हसून म्हणाले, "बाई, माझा फोन नवा आहे."

घरी येऊन त्यांनी ते भलेमोठे हेडफोन कानांवर चढवले, फोनला जोडले, आवाज पूर्ण वाढवला आणि डोळे मिटले. शेजारच्या घरात, भिंतीपलीकडे, दार लावून कोणीतरी रेडिओ लावावा तसं काहीतरी ऐकू आलं.

समोर दोघी उभ्या होत्या.

"वा!" बत्तीशीराव म्हणाले. "काय आवाज आहे!"

"ऐकू येतंय का काही आमचं?" बायकोनं विचारलं. शब्द न् शब्द ऐकू आला होता. बत्तीशीरावांनी डोळे मिटूनच मान डोलावली, जणू गाण्यालाच दाद देताहेत.

"गेला हा," सासूबाई म्हणाल्या. "आता घरात बॉम्ब पडला तरी कळायचं नाही त्याला."

बत्तीशीरावांचा एक डोळा उघडता उघडता राहिला. तोंडावर 'जावईबापू, तुम्ही' आणि पाठीमागे 'हा'?

पुढच्या काही संध्याकाळी त्यांना स्वतःविषयी बरीच माहिती मिळाली. रविवारी ते एवढ्या हौसेनं जे सूप करतात, ते बायकोच्या मते भांडी विसळलेलं पाणी होतं. त्यांच्या मिशीमुळे ते, सासूबाईंच्या मते, पोस्टातल्या रागीट कारकुनासारखे दिसत. आणि दंतवैद्य आणि पोपटाचा त्यांचा नेहमीचा विनोद ऐकताना दोघी एकमेकींकडे न बघण्याची काळजी घेत, कारण बघितलं तर हसू येई, आणि ते विनोदाला नसे.

पहिल्यांदा ते फुरंगटले. मग त्यांना यातली गंमत कळली. सोमवारी मिशी गेली. रविवारी सुपात मिरी आणि लोणी पडलं. पोपट तर कायमचाच उडाला.

"आई, हा सुधारायला लागलाय," बायको कुजबुजली.

"संगीताचा परिणाम," सासूबाई म्हणाल्या.

बत्तीशीराव कानांत जवळजवळ काहीच वाजत नसताना पायानं ठेका धरत बसले होते. गंभीर चेहरा ठेवायला इतके कष्ट त्यांना आयुष्यात पडले नव्हते. दूध उतू जातंय असं कोणी म्हटलं की ते 'सहज' उठून स्वयंपाकघरात जात आणि गॅस बंद करून येत.

मग एका संध्याकाळी सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला एक सांगते, पण त्याला कळू देऊ नकोस. ती कवळी मला टोचते गं. खाली, डावीकडे, अगदी मागे. मी ती पदराच्या गाठीत ठेवते आणि मऊ मऊ खाते."

"अगं मग सांग ना त्याला!"

"कसं सांगू? माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी बसून केलीय त्यानं. किती कौतुकानं आरसा धरला होता माझ्यासमोर!"

बत्तीशीरावांचा पाय ठेका धरायचा थांबला. सूप वाईट म्हणा, मिशी वाईट म्हणा. पण कवळी? तीही घरच्या माणसाची? आणि ही बाई वर्षभर हिरडी सोलून घेत गप्प बसली, का, तर आपल्याला वाईट वाटू नये म्हणून! त्यांना स्वतःचा राग आला आणि सासूबाईंचाही.

विचारायची सोय नव्हती. विचारलं तर 'तुम्हाला कसं कळलं?' हा प्रश्न आलाच. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाई झोपल्या असताना, त्यांनी पाण्याच्या पेल्यातून कवळी उचलली, रुमालात गुंडाळली आणि कार्यशाळा गाठली. डावीकडची मागची कड भिंगाखाली धरली. तिथे एक बारीकसा उंचवटा होता, कोणा परक्याच्या कवळीत त्यांना तो डोळे झाकून सापडला असता. त्यांनी तो हलक्या हातानं घासला, कड गोल केली, चकाकी दिली. तेवढ्यात फोन वाजला.

"अरे, लवकर ये," बायको म्हणत होती. "आईची कवळी सापडत नाहीये. घर उलटंपालटं केलंय आम्ही."

बत्तीशीराव घरी पोचले तेव्हा सासूबाई पलंगाखाली डोकं घालून बसल्या होत्या. बत्तीशीरावांनी शोधायचं सोंग केलं, आणि संधी साधून कवळी सासूबाईंच्या खुर्चीतल्या उशीमागे सरकवली.

"ही काय, इथेच तर आहे!"

"तिथं मी तीनदा बघितलं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पेल्यात ठेवली होती मी. मला नक्की आठवतंय."

"असू दे आई, होतं असं," बायको म्हणाली.

कवळी झकास बसली. सासूबाई टोस्ट कडाकडा चावू लागल्या. "सवयीनं बसली बघ शेवटी," त्या लेकीला सांगत होत्या, आणि हेडफोन लावून बसलेले बत्तीशीराव ओठ घट्ट मिटून श्रेयाचा घोट गिळत होते. पण थोड्या वेळानं त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "माझी आईसुद्धा अशीच विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग किल्ल्या. मग आम्हाला."

बत्तीशीरावांना बसवेना. कानांवरचे हेडफोन दगडासारखे जड झाले. खरं सांगायचा धीर होत नव्हता, आणि हे ऐकणंही सोसत नव्हतं. त्यांनी पळवाट काढली. आपल्याला घरातलं ऐकूच येता कामा नये.

"आलात?" दुकानातल्या बाई म्हणाल्या. "फोन नवा होता ना?"

बत्तीशीरावांनी मान खाली घातली. बाईंनी हेडफोन हातात घेऊन जाळी दाखवली. "हे उघड्या पाठीचे. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. आणि यांना हलवायला जोर लागतो, तो फोनमध्ये नाही." त्यांनी आधी बोटाएवढा अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला. आवाज मोठा झाला, पण किरकिरा. मग काचेचे दिवे लागणारा एक खोक्याएवढा जोडला. त्यातून सगळंच पाकात घोळल्यासारखं गोड यायला लागलं, गाणाराही आणि ढोलही. शेवटी पुस्तकाएवढा, साधा काळा. त्यात गाणाऱ्यानं कडव्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला.

"हाच," बत्तीशीराव म्हणाले.

"पण गाणी कुठून वाजवणार? फोनवर उतरवलेली ती दाबून लहान केलेली फाइल नको. पाणीच गढूळ असेल तर मोटर कितीही मोठी लावा."

घरी माळ्यावर जुना सीडी प्लेअर होता. तो पुसून, जोडून बत्तीशीराव बसले आणि खरोखरच हरवले. वाद्यं आपापल्या जागी बसलेली दिसावीत तशी ऐकू येत होती. या खेपेला त्यांनी डोळे आपोआप मिटले, आणि 'वा' म्हणायचं राहूनच गेलं.

डोळे उघडले तेव्हा बायको आणि सासूबाई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बत्तीशीरावांनी हेडफोन काढले. जळकट वास येत होता.

"दूध उतू गेलं," बायको म्हणाली. "दोनदा ओरडले मी. आणि तुझं गाणं स्वयंपाकघरापर्यंत येतंय. वाचनालयात पोरांच्या कानांतली गाणी ऐकून मी रोज दटावते, मला कळतं. मग इतके दिवस तुझ्या हेडफोनमधून टिपूसही का बाहेर येत नव्हता?"



बायकोनं हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून फोनला लावले, गाणं सुरू केलं आणि सासूबाईंच्या कानांवर चढवले. मग ती दाराशी गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, यानं मिशी कशी काय काढली असेल गं?"

"कशी काय म्हणजे? आपण म्हटलं म्हणून..." सासूबाई एकदम थांबल्या. त्यांनी हेडफोन उतरवले, जावयाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात हळूहळू गालाकडे गेला. डावीकडे, मागे.

"ही पण?"

"हो," बत्तीशीराव म्हणाले. "मीच नेली होती. पेल्यातून. उशीमागेही मीच ठेवली. चुकलंच माझं, आई."

बायको आता चिडणार होती, तिनं श्वाससुद्धा भरून घेतला होता. पण सासूबाई मधेच ओरडल्या, "म्हणजे मी पेल्यातच ठेवली होती!"

"पेल्यातच."

"बघ! मी म्हटलं होतं की नाही? पेल्यातच!" त्या लेकीचा दंड धरून हलवत होत्या, हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. मग जावयाकडे वळून त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. "मेल्या, मी रात्र रात्र देवाचं नाव घेत पडले होते! चोरून ऐकतोस आणि वर चोरतोस?"

बत्तीशीराव पाठ चोळत उभे राहिले. 'मेल्या' आणि 'ऐकतोस' हे दोन्ही शब्द तोंडावर ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

सासूबाईंनी मात्र लगेच खुर्ची ओढून दिवा जवळ घेतला. "आता उघड उघड सांगते. वरची पण जरा ढिली आहे. शिंक आली की हातात येते. बघ इथं." आणि त्यांनी मोठ्ठा आ केला.