बरा आहे

विमा कंपनीचं पत्र दोन ओळींचं होतं. 'रुग्णाने आपण बरा असल्याचे दूरध्वनीवर स्वतः सांगितले आहे. सबब घरी दिली जाणारी फिजिओथेरपी बंद करण्यात येत आहे.' सहीच्या जागी रबरी शिक्का, तोही वाकडा. माणूस बरा झाल्याची बातमी इतक्या कोरड्या तोंडाने देणारे लोक तिने पहिल्यांदाच पाहिले.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. लहानपणापासून दिसेल ते मोजायची खोड, म्हणून बाबा तिला मोजपट्टी म्हणत. बाबांना दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ते चाकाच्या खुर्चीत होते. उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळत, फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून तीनदा येऊन ती उघडत. हे थांबलं तर हात आखडून मूठ कायमची मिटेल, असं बाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. त्या हाताने बाबा आत्ता कुठे पेला धरू लागले होते.

"बाबा, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"कुणाला गं?"

"विम्याच्या माणसाला. फोन आला होता ना?"

"हो, आला होता की. फार गोड बोलला बिचारा. कसे आहात काका, म्हणाला. म्हटलं, बरा आहे."

"बरा आहे?"

"मग काय परक्या माणसापुढे रडगाणं गाऊ?"

मोजपट्टीने कपाळाला हात लावला. बाबा तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पलीकडचा कितीही डाफरला तरी यांच्या आवाजात साखर. बाकीचे ऑपरेटर वैतागले की सरळ वायर उपटायचे आणि म्हणायचे, लाईन गेली. बाबांनी ते एकदाही केलं नाही. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. झटक्याने अर्धं अंग नेलं, ही सवय तेवढी शाबूत ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून तिने कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटं एकच धून ऐकली. मग एक बाई अवतरली.

"मॅडम, सिस्टीममध्ये 'बरा' पडलंय."

"अहो, बरा म्हणजे ठीक आहे. आजार गेला असं नाही. तुम्हाला कुणी कशा आहात विचारलं तर काय म्हणता?"

"बरी आहे म्हणते. पण मॅडम, इथे दोनच रकाने आहेत. बरा आणि बरा नाही."

"आणि डॉक्टरांचा रिपोर्ट?"

"तो जुना झाला ना. पेशंटचं स्वतःचं म्हणणं नंतरचं आहे. सिस्टीम नंतरचं धरते."

"मग ते आज सांगतील, बरा नाही म्हणून. ते आणखी नंतरचं होईल."

"तसं नाही चालत. एकदा बरा झालेला पेशंट पुन्हा आजारी पडायचा असेल तर त्याचा फॉर्म वेगळा असतो."

उपकरणाला दोनच आकडे दाखवता येत असतील तर दोष मोजायच्या वस्तूचा नसतो, एवढं तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. इथे मात्र उपकरणाला पगार मिळत होता.

तिने अपील केलं आणि शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला. रोज सकाळी बाबांची तर्जनी जास्तीत जास्त किती उघडते ते मोजून ती लिहून ठेवायची. पहिल्या दिवशी एकशे बावन्न अंश. बाईंनी दाखवलेले व्यायाम ती करून घ्यायची, पण तिच्या हाताला बाईंची सफाई कुठली? सतराव्या दिवशी एकशे चौतीस. चाळिसाव्या दिवशी एकशे एकोणीस, आणि त्याच सकाळी पेला दोनदा निसटला.

"राहू दे गं, डाव्याने पितो," बाबा म्हणाले. ही त्यांची समजूतदार वाक्यं आता तिच्या डोक्यात कंपनीच्या पत्राइतकीच जात.

दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. अपंगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या खोलीला दाराशीच दोन पायऱ्या होत्या. रखवालदाराने आणि तिने खुर्ची उचलून आत घेतली. टेबलामागे अध्यक्ष. त्यांच्या मानेला जाड पट्टा होता, त्यामुळे बाजूला बघायचं तर ते धडासकट वळत. शेजारी एक सदस्य पेन्सिलीला टोक काढत होते आणि कोपऱ्यात टायपिस्ट बाई बसल्या होत्या.

"बसा, बसा," अध्यक्ष बाबांना म्हणाले.

"बसूनच आलोय, साहेब," बाबा हसून म्हणाले.

सदस्यांनी तिचा आलेख उचलून धरला. "छान काढलाय. कॉलेजचा प्रोजेक्ट का?"

"नाही. माझे वडील."

अध्यक्षांनी कंपनीने पाठवलेलं त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. बाबांचा साखरेतला आवाज खोलीभर झाला. बरा आहे, बरा आहे, आपण कसे आहात?

"आता यावर आम्ही काय बोलायचं, सांगा," अध्यक्ष म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

बाबांचं लक्ष मात्र मघापासून त्या पट्ट्याकडे होतं. "साहेब, मानेला काय झालं हो? कसे आहात आता?"

"बरा आहे हो, बरा आहे," कागदांवरून नजर न उचलता अध्यक्ष म्हणाले.

"बाई, हे लिहून घ्या," मोजपट्टी म्हणाली. "अध्यक्षांनी आपण बरे असल्याचे स्वतः सांगितले आहे. सबब पट्टा काढण्यात यावा."

टायपिस्ट बाईंनी ते टकटक करून लिहिलंसुद्धा. सदस्यांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. अध्यक्षांना मोजपट्टीवर डोळे वटारायचे होते, पण धड वळेपर्यंत रागातली हवा गेली.

"हा नुसता शब्दाचा खेळ झाला."

"हो ना. आम्ही तोच चाळीस दिवस खेळतोय."

बारा दिवसांनी पत्र आलं. आमची चूक झाली असं त्यात औषधालाही नव्हतं. 'रुग्ण बरा होऊन सुनावणीच्या दिवशी पुन्हा आजारी पडल्याचे सहानुभूतीपूर्वक गृहीत धरून' फिजिओथेरपी सुरू करण्यात येत होती. म्हणजे मधले चाळीस दिवस कंपनीच्या लेखी बाबा ठणठणीत होते.

"बरे झालात ते मला सांगितलंही नाहीत," ती म्हणाली.

"मलाही आत्ताच कळतंय," बाबा म्हणाले.

बाई पुन्हा येऊ लागल्या. तर्जनी हळूहळू उघडत एकशे एकतीसपर्यंत आली आणि तिथे अडून बसली. बाईंनी दोन महिने जंग जंग पछाडलं. मग म्हणाल्या, "आता हाच आकडा धरून चाला." पेला डाव्या हातातच राहिला. उरलेले एकवीस अंश परत मागायचा फॉर्म कंपनीने अजून काढलेला नव्हता.

एका सकाळी बाबांचा मोबाईल वाजला. त्यांनी तो डाव्या हाताने घेऊन स्पीकर लावला.

"काका, विमा कंपनीतून बोलतोय. कसे आहात?"

बाबांनी मोजपट्टीकडे पाहिलं. ती कोनमापक पुसत होती.

"तर्जनी एकशे एकतीस अंश," बाबा म्हणाले. आवाजात साखर तीच. "तुमच्या मागच्या फोनच्या वेळी एकशे बावन्न होती."

"अं... म्हणजे बरं आहे ना, काका?"

बाबांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"काका? मी बरा टाकू ना? हॅलो? काका—"

बाबांनी अंगठ्याने लाल बटण दाबलं आणि फोन मांडीवर पालथा घातला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "लाईन गेली."