चिमटा आईच्या बोटाला

तुम्ही माझ्या बाबांचं मशीन काढून नेलंत. सहीशिक्क्यानिशी, जिवंत माणसाच्या उशापासून. चूक आमचीही झाली, ती सांगते. पण नियम तुमचा होता.

बाबांचं हृदय थकलंय. डोळा लागला की घसा मिटतो, श्वास थांबतो आणि त्या थकल्या हृदयाला आणखी ताण पडतो. तुमच्या आरोग्य योजनेने दिलेलं मशीन मास्कमधून हवा सोडून घसा उघडा ठेवायचं. वर्षभर ते माणसासारखे झोपले. मग तुमचं पत्र आलं: मुदतवाढ हवी तर घरीच झोपेची तपासणी करा, मशीन न लावता. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, नाकाशी नळी, सलग चार तासांची नोंद.

सलग चार तास झोप लागली असती तर मशीन कशाला मागितलं असतं? बाबा तासाभरात गुदमरून उठायचे आणि नळी ओरबाडून काढायचे. दोनदा तुम्ही शेरा मारलात, "नोंद अपुरी." तिसऱ्यांदा तसंच झालं तर फाईल बंद.

तिसऱ्या खेपेला आईने चिमटा स्वतःच्याच बोटाला लावला, नळी स्वतःच्या नाकाशी. तिला वाटलं, तास तेवढे मोजतात.

"चाळीस वर्षं यांनी माझ्या नाकी नऊ आणले," ती म्हणाली, "आता यांचं नाकही मीच चालवते."

"घोरू नकोस म्हणजे झालं," बाबा म्हणाले. "माझी बदनामी होईल."

आम्ही तिघंही हसलो.

आठवड्यात निकाल आला: श्वसन निर्दोष, मशीन अनावश्यक. दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस ते घेऊन गेला.

आईने तुमच्या खिडकीवर जाऊन सगळं कबूल केलं. कारकुनाने मानही वर केली नाही. "मावशी, खोटं तेव्हा बोललात की आता?" पुढची तपासणी म्हणे वर्षाने.

बाबांचे पाय सुजलेत. आडवं होता येत नाही, खुर्चीतच डुलकी लागते. परवा दुपारी मी मोजलं, अडतीस सेकंद श्वास नव्हता. आई खांदा हलवते. ते दचकतात, "झोपू दे गं" म्हणतात. ती झोपू देत नाही. "मीच मारलं यांना," असं त्यांच्यादेखत म्हणते.

हृदयाच्या डॉक्टरांनी तुम्हाला लेखी कळवलंय की असं वर्ष निघणार नाही. त्या पत्राची पोच माझ्याजवळ आहे.

खोटेपणाची शिक्षा आईला करा, मला करा. बाबा फक्त गुदमरले. मशीन कधी परत देताय? तारीख घालून कळवा.