समोरच्या पानावरच्या चार ओळी

टुण्.

दुधाच्या बाटलीचं झाकण ओट्यावरून घरंगळलं, फरशीवर उड्या मारत गेलं आणि फ्रिजखाली जाऊन बसलं. भर दुपारची वेळ, घर अगदी चिडीचूप. माझी मालकीण जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीकडे कान लावून तिने श्वास रोखला. मुंगी उठली नाही. मुंगी म्हणजे तिची लेक. एवढीशी, सदा तुरुतुरु आणि साखरेच्या डब्याभोवती. मग मालकीण चोरपावलांनी टेबलाशी आली, मला उघडलं, माझं पान अंगठ्याने दाबून धरलं आणि लॅपटॉप सुरू केला.

मित्रांनो, अशा चोरलेल्या दुपारींवर माझं पोट भरलं. कण्यापाशी उसवलेला, कोपरे दुमडलेला, दुधाचे डाग पडलेला असा मी एक जुना ग्रंथ. माझ्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'पाककृती' लिहिलंय, पण माझ्यात खायचं काही नाही. मी वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आहे. एकदा मालकिणीच्या सासूबाईंनी फसून मला उघडलं. चष्मा वर केला, खाली केला. "मेलं, यात मीठ कुठे घालायचं तेवढंच लिहिलेलं नाही," म्हणाल्या आणि मला पालथं घातलं.

माझा लेखक शिकवण्या घ्यायचा. विद्यार्थी त्याला रोज तेच ते विचारायचे. फोटो कसा चढवायचा? अर्जात कोणी भलतंच काही लिहिलं तर त्याला कसं अडवायचं? नको असलेली गोष्ट पानावरून कशी पुसायची? उत्तरं देऊन देऊन त्याचा घसा बसला, तेव्हा तो लिहायला बसला. प्रत्येक प्रश्नाचे त्याने तीन भाग केले. आधी अडचण, मग कृती, आणि शेवटी 'जपून'. कृती कुणीही लिहील, पण 'जपून' लिहिताना तो खुर्चीतून उठून येरझारा घालायचा. आपल्यामागे कोण कुठे ठेच खाईल हे त्याला आधीच दिसायचं.

छापखान्यात मात्र पानं जुळवणाऱ्या माणसाने एके ठिकाणी मान हलवली. "साहेब, या पुसायच्या कृतीचं 'जपून' पानाबाहेर लोंबतंय. चार ओळी आहेत. ढकलतो पुढच्या पानावर."

"अहो, त्या चार ओळींसाठीच तर सगळा खटाटोप केलाय!"

"मग कुठे परदेशी चालल्यात? समोरासमोर तर आहेत दोन्ही पानं. वाचणाऱ्याला डोळे असतात की नाही?"

लेखक हसला आणि हो म्हणाला. ओळी समोरच्या पानावर गेल्या.

माझी मालकीण मला घेऊन गेली तेव्हा ती शिकत होती. तिने मला उशाशी घेऊन वाचलं. वाचता वाचता पेन्सिलीने समासात बोलायची. 'हे भारी आहे.' 'हे कळलं नाही, उद्या.' 'कळलं!!' तिची पहिली वेबसाइट उभी राहिली ती माझ्या जोरावर. पहिल्या नोकरीत मी टेबलाटेबलावर फिरलो. "ते लाल पुस्तक कुणाकडे आहे?" अशी हाक आली की माझी छाती फुगायची. माझ्यावरून भांडणंसुद्धा झाली. ते दिवस माझे होते, मित्रांनो.

मग लोक पडद्यालाच विचारू लागले. प्रश्न टाकला की उत्तर हजर, पान उलटायची गरज नाही. मी मॉनिटरखाली गेलो. त्याची मान उंच झाली, माझी दबली. पुढे मुंगी झाली आणि मालकीण घरी बसली. ती मला घरी घेऊन आली, आणि मुंगी झोपली की पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली. मागे पडायचं नव्हतं तिला. जे बदललं होतं ते ती समासात दुरुस्त करायची. माझी जुनी ओळ हलकेच खोडून शेजारी नवी लिहायची, जसं कुणी म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं बटण चुकलेलं नीट लावून द्यावं.

मुंगी चालू-बोलू लागली आणि मालकिणीला एका छोट्या ऑफिसात काम मिळालं. मिळालं म्हणजे, आधी परीक्षा. तिथले मुख्य, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, ते म्हणाले, "बघू थोडे दिवस. जमलं तर कायम करू. घरी बसून गंज चढतो हो माणसाला."

सासूबाईंनी मुंगीला सांभाळायचं कबूल केलं, पण तेही अटीवर. "कायम झालीस तर ठीक. नाहीतर हा पोरखेळ पुरे. माझे गुडघे काय सरकारी आहेत?"

म्हणजे तिच्यासाठी सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. कायम.

पहिल्या दिवशी ती मला पिशवीतून घेऊन गेली. शेजारच्या टेबलावर एक तरुण बसायचा. पंख्याखालीसुद्धा डोक्यावरची टोपी काढायचा नाही, म्हणून त्याचं नावच टोपी. त्याने मला पाहिलं आणि खुर्ची गर्रकन फिरवली.

"अरे बापरे! हे काय, उत्खननात सापडलं का?"

सगळे हसले. ती पण हसली. नवीन माणसाला हसावंच लागतं.

"पाककृती! वा, काकू, आज काय बेत?"

ती त्याच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. पण 'काकू' चिकटलं ते चिकटलंच. काकू, मीठ कमी झालं. काकू, तुमचा कोड करपला वाटतं. ती संध्याकाळी पाचला मुंगीसाठी निघाली की टोपी घड्याळाकडे बघून म्हणायचा, "चला, काकूंचा गॅस बंद झाला." सर ऐकायचे आणि मिशीत हसायचे. आणि ज्या दिवशी टोपीचं काम अडायचं, त्या दिवशी तोच येऊन गोड आवाजात म्हणायचा, "काकू, जरा बघता का?" ती बघायची. दुरुस्त करून द्यायची. संध्याकाळी सर टोपीच्या पाठीवर थाप मारायचे.

तेव्हा ऑफिसात एका बालवाडीच्या वेबसाइटचं काम चालू होतं. मुलं चित्रं काढायची, बाई त्यांचे फोटो घेऊन वेबसाइटवर चढवायच्या आणि घरोघरी आईबाप ते बघायचे. बाईंची एकच मागणी उरली होती. फोटो हलला, बोट आलं, तर तो काढून टाकता यायला हवा. ते काम टोपीकडे होतं.

एका संध्याकाळी मालकीण निघून गेल्यावर टोपीचं काम अडलं. सर घाई करत होते. त्याने तिच्या टेबलावरून मला उचललं, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं, पुसायची कृती काढली. मला वाटलं, चला, वाचतोय तर खरा! पण मला धरून वाचायला त्याला जड झालं असावं. त्याने एका हाताने मला दाबलं, दुसऱ्याने पान धरलं आणि टर्र.

मित्रांनो, कागदाला दुखत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते ऐकू नका.

पान त्याच्याकडे गेलं. समोरच्या पानावरच्या चार ओळी माझ्यापाशीच राहिल्या. मी मिटला गेलो.

कृतीत काय होतं ते सोपं करून सांगतो. प्रत्येक फोटोखाली 'काढून टाका' अशी एक लिंक ठेवायची. ती दाबली की फोटो गायब. शिकणाऱ्याला चटकन जमावं, म्हणून लेखकाने पहिली पायरी अशी सोपी दिली होती. आणि त्या चार ओळींत लिहिलं होतं, 'जपून. ही लिंक अशीच लोकांसमोर ठेवू नका. इंटरनेटवर पानं वाचत फिरणारी यंत्रं असतात, ती दिसेल ती लिंक उघडून पाहतात. त्यांना पुसणं आणि वाचणं यातला फरक कळत नाही. पुसण्याआधी समोर कोण आहे ते विचारा, आणि हे काम लिंकने न करता बटण दाबून पाठवायच्या अर्जाने करा.'

टोपीने कृती उतरवली. स्वतः दाबून बघितली. एक फोटो गेला. "झालं!" म्हणाला आणि ते तसंच वेबसाइटवर चढवून घरी गेला.

काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी तसलं एक यंत्र बालवाडीच्या पानावर आलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मनच नव्हतं. फार आज्ञाधारक बिचारं. पहिली लिंक उघडली. दुसरी उघडली. एकेक करत शेवटपर्यंत गेलं आणि काम नीट झालं म्हणून पुढच्या वेबसाइटकडे वळलं. त्याच्यामागे एक चित्र उरलं नाही. ना हत्ती, ना घर, ना कुणाची पाच पायांची मांजर.

राखीव प्रत ठेवायला टोपी विसरला होता. आणि मूळ चित्रं? बालवाडीच्या बाई ऑफिसात येऊन रडक्या आवाजात सांगत होत्या, "कागद कुठे ठेवणार हो आम्ही? फोटो वेबसाइटवर आहेत म्हणून रद्दीत दिले, फोनमधलेही पुसून टाकले. मुलं विचारतात, माझा हत्ती कुठे गेला. काय सांगू?"

बाई गेल्या. सरांनी दार लावलं. "कुणाचं काम हे?"

टोपीने खिशातून माझं पान काढलं. घडी पडलेलं, त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ. "सर, मी काकूंच्या पुस्तकातली कृती जशीच्या तशी घेतली. पुस्तकच चुकीचं आहे, त्याला मी काय करणार?"

मालकिणीने ते पान पाहिलं. मला तिने झटकन उघडलं. फाटलेल्या कडेवरून तिचं बोट फिरलं. मग तिने समोरचं पान सरांपुढे धरलं आणि त्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. एक शब्द चुकला नाही. मला वाटलं, आता सुटलो. आता न्याय होणार. छापलेलं काही खोटं ठरत नाही, असा माझा भाबडा समज होता.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हे तुम्हाला माहीत होतं."

"हो सर. म्हणजे, पुस्तकात लिहिलेलंच आहे."

"पुस्तक तुमचं. धोका तुम्हाला माहीत. आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"सर, पण यांनी पान फाडलं हे मला आत्ता कळतंय! मला विचारलं असतं तर..."

"विचारणार कुणाला? पाच वाजता तुमची खुर्ची रिकामी." सरांनी मला मिटलं आणि तिच्याकडे सरकवलं. "त्याने निदान थांबून काम तरी केलं. चुकतं कोण? जो करतो तो. तुमचं आमचं काही जमेल असं वाटत नाही, ताई. मनाला लावून घेऊ नका. घरी लहान मूल आहे, तिकडे लक्ष द्या."

'ताई' हा शब्द इतका थंड असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

ती सामान भरायला गेली, तोवर टोपीने मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. कागदी कप, पेन्सिलीची सालं आणि मी. "काकू, जुनं झालंय ते, सोडा ना," तो म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात. तिने मला बाहेर काढलं, ओढणीने पुसलं. फाटलेलं पान तिने मागितलं. ते सरांनी फाइलला लावून ठेवलं होतं. पुरावा म्हणून.

घरी सासूबाईंनी तिचा चेहरा बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "झालं समाधान? जेवून घे." त्या दुष्ट नाहीत, मित्रांनो. पण त्या बोलण्यातल्या सुटकेच्या सुराने तिला जे लागलं, ते टोपीच्या सगळ्या टोमण्यांनी मिळून लागलं नसेल.

आता मी कुठे आहे म्हणता? जेवणाच्या खुर्चीवर. मुंगीचा हात टेबलाला पुरत नाही, म्हणून ती माझ्यावर बसते आणि चित्रं काढते. ओझं फुलाएवढं आहे. तरी तुम्हाला हात जोडून सांगतो, पुस्तक जुनं झालं तर झालं, त्याला फेकायचं तर फेका, पण त्यातलं हवं तेवढं ओरबाडू नका. कुणीतरी येरझारा घालून तुमच्यासाठी चार ओळी जास्तीच्या लिहिलेल्या असतात. त्या वाचा. आणि पान फाडणारा सुटतो, पान जपणारा अडकतो, असं कुठे दिसलं तर हसणाऱ्यांत बसू नका. मी एवढंच मागू शकतो. माणसांना सुधारायची कृती माझ्यात नाही.

परवा फोन वाजला. मुंगी माझ्यावर बसून रंगवत होती. सासूबाई गुडघ्यांना तेल लावत होत्या. फोन सरांचा. मालकिणीने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, हात कणकेत होते म्हणून.

"ताई, झालं गेलं विसरा. टोपीच्या डोक्यावर मोठं काम आलंय, त्याला पेलवेना. तुम्ही घरून करून द्याल? नाव त्याचंच राहील, कंपनीची पद्धत आहे. पण अनुभव तुमचा होईल."

सासूबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोल. त्या चार ओळी वाचल्या होत्यास तशी बोल.

"हो सर," ती म्हणाली. "करते ना. थँक्यू सर. खरंच थँक्यू." आणि ती हसली, फोनमध्ये दिसत नसतानाही.

फोन बंद झाला. हात तसेच कणकेत ठेवून ती उभी राहिली. मुंगीने खडू खाली ठेवला, माझ्यावरच गुडघे टेकून ती उंच झाली आणि आईच्या तोंडाकडे नीट बघत तिने विचारलं, "आई, ढकलणाऱ्या मुलाशी खेळायला जायचं नाही, असं तूच मला सांगतेस ना? मग तू त्यांना हो का म्हणालीस?"