वेनिंगच्या रुमालावरचे ठिपके

सहावीच्या पोरांनी केलेले बातिकचे रुमाल वर्गाच्या भिंतीवर लागले, आणि वेनिंगला आपला रुमाल कुठे लपवावा असं झालं. बाकीचे सगळे कसे पोरांनी केल्यासारखे होते, मेणाचे डाग पडलेले, रेघा फुटलेल्या. हिचा एकटीचा मेला दुकानात टांगावा असा उतरला होता. चित्रकलेच्या बाईंनी उरलेलं काम घरी पुरं करायला सांगितलं, ही बसली ठिपके घालत, आणि घालता घालता भानच राहिलं नाही.

त्यात रुमाल बघायला आल्या होत्या हर्तिनीबाई. अख्ख्या गल्लीतल्या बायका त्यांचंच कापड घरी आणून मजुरीवर बातिक करायच्या, वेनिंगची आई रुमियासुद्धा. आता ठिपका तो ठिपका, त्यात काय बघायचं, असं कुणीही म्हणेल. पण कुणाचे ठिपके दाटीवाटीने बसतात, कुणाचे जरा डावीकडे कलतात. हर्तिनीबाई नुसतं कापड हातात घेऊन बाईचं नाव सांगायच्या. जिला काम दिलं तिच्याऐवजी दुसरीच कुणी करते असं कळलं, की काम बंद. शेजारच्या सुपियाचं तसंच झालं होतं.

आणि इथे तर लेबारानच्या सणापासून रुमियाचा उजवा हात थरथरत होता. तेव्हापासून तिची सगळी कापडं वेनिंगच करत होती. आईच्याच हाताखाली शिकलेली पोर, ठिपकाही आईसारखाच कलायचा, म्हणून आजवर निभावलं होतं. चूल त्यावरच पेटत होती.

हर्तिनीबाई तिच्या रुमालापाशी थांबल्या, ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"हा तर रुमियाचा हात," त्या म्हणाल्या.

चित्रकलेच्या रेत्नोबाईंना तेवढंच हवं होतं. आईबापांनी करून द्यायचं आणि पोरांनी मिरवायचं, हे त्यांच्या डोक्यात जायचं. त्यांनी वेनिंगला पुढे बोलावून खोदून खोदून विचारलं.

"तूच केलंयस ना? मग बस इथे. करून दाखव."

स्टोव्हवर मेण वितळलेलंच होतं. वेनिंगने चांटिंग, म्हणजे मेणाची ती तोटीवाली लेखणी, हातात घेतली. चांगलं केलं तर हर्तिनीबाईंना कळणार की गेले कित्येक महिने कापडं कोण करतंय. बिघडवलं तर वर्गासमोर लबाड ठरणार. बरं, हर्तिनीबाई कापडाकडे बघतच नव्हत्या. त्या पोरीच्या बोटांकडे बघत होत्या.

तिने चांटिंग मुद्दाम नवख्या पोरांसारखी, पेन्सिल धरावी तशी धरली. मेण भरलं, तोटी तोंडाशी नेली, आणि ती तुंबू नये म्हणून फुंकर मारायला ओठ गोल झालेसुद्धा. रोज बातिक करणाऱ्यांचीच ती सवय. तिने फुंकर तशीच गिळली.

"ओठ कशाला काढलेस गं?" हर्तिनीबाईंनी हळूच विचारलं.

वेनिंगने चांटिंग तिरकी केली आणि गरम मेण सरळ बोटावर पडू दिलं.

"भाजतंय बाई," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलंच होतं, ते काही खोटं नव्हतं. मग कापडावर जो काही चिखल झाला तो बघून अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

हर्तिनीबाईंच्या कपाळावरची आठी गेली. आईला सांग, म्हणाल्या, हात पूर्वीपेक्षाही सुरेख झालाय, लग्नाचं मोठं कापड आता तिलाच देणार. रेत्नोबाईंनी रुमाल भिंतीवरून ओढून काढला आणि वेनिंगच्या पुढ्यात टाकला.

"दुसऱ्याचं मिरवण्यापेक्षा आईकडून काहीतरी शिक."

वेनिंगला रडू कोसळलं. मेली लाजेने, असं सगळ्यांना वाटलं. लाज तर वाटतच होती, रागही आला होता. पण 'पूर्वीपेक्षाही सुरेख' हे शब्द कानात असे बसले होते की आतून गुदगुल्या होत होत्या, आणि त्या कुणाला सांगायची सोय नव्हती. तिने भाजलेलं बोट मुठीत लपवलं, नाक ओढलं आणि हर्तिनीबाईंना विचारलं, "कापड न्यायला आज येऊ की उद्या?"