मुठीतली घुगरी

भागवतनं कबुतरं वाटून टाकली, जादूची पेटी भावाच्या गोठ्यात नेऊन ठेवली, तेव्हा गावातल्या लोकांना वाटलं, गडी आता शेतीला लागणार. पण ज्याच्या हाताला टाळीची सवय लागली, त्याच्या हातात खुरपं टिकत नाही. पेटीवर त्याचा जीव होता. औंढ्याच्या जत्रेत त्याच्या तंबूपुढं माणसांची रीघ लागायची. पेटीत तो बायकोला घालायचा, तलवारी खुपसायचा, आणि बायको हिरव्या लुगड्यात हसत बाहेर यायची. मग पोरांच्या हातात मोबाइल आले. बायको पेटीत बसली की खालून एखादं पोरगं आरामात सांगायचं, "मागून दार हाय, काका." त्यात टवाळी नसायची, नुसती माहिती असायची. त्या माहितीनंच भागवतचं काळीज कुरतडलं.

आता लोकांना मनातलं ओळखणारा माणूस पाहिजे होता. कालपर्यंत पत्ते पिसणारे गडी दाढी कोरून, काळा कोट घालून मेंटॅलिस्ट झाले होते. हिंगोलीत, वसमतला, नांदेडच्या हॉलात, लग्नात, दुकानाच्या उद्घाटनात, जिकडंतिकडं तेच. कुणी नवरीच्या मैत्रिणीच्या मनातलं नाव सांगायचा, कुणी मास्तरानं मनात धरलेला आकडा. भागवतनंही एक काळा कोट शिवून घेतला. पूर्वी सामानाला टेम्पो लागायचा. आता सगळा खेळ मोटारसायकलवर मावायला लागला. कोट, काळी पट्टी आणि मागं बसलेली बायको, शिवकन्या.

खेळ सोपा होता. शिवकन्या मंचावर खुर्चीत, डोळ्यांना पट्टी. भागवत लोकांत फिरायचा, कुणाची वस्तू हातात घ्यायचा आणि मोठ्यानं विचारायचा. विचारण्यातला पहिला शब्द हीच खूण. त्या खुणा शिवकन्येनंच ओवीत बांधल्या होत्या. तिच्या मायनं जात्यावर गळा दिला होता, तो असा कामाला आला.

आधी हाती घड्याळ गं, आता खिशात रुमाल,
बरं किल्ली कमरेला, बघ चष्म्याची कमाल.

अशा कितीतरी ओव्या. 'आधी सांग' म्हटलं की घड्याळ. 'आता सांग' म्हटलं की रुमाल. अंगठी, पेन, बिडीचं बंडल, तंबाखूची डबी, सगळं तिनं ओवीत दळून ठेवलं होतं. लोकांना वाटायचं बाई मन वाचते. बाई मनातल्या मनात ओवी म्हणायची.

हे सगळं बराबर चाललं होतं, तोवर कळमनुरीकडच्या एका तांड्यावर सेवालाल जयंतीचा कार्यक्रम आला. भागवत माइकवाल्याशी हुज्जत घालीत होता, शिवकन्या बायांमध्ये बसून चहा पीत होती. खेळ सुरू झाला, रंगलाही. मधेच एक उंच, दाढी वाढलेला गडी उठला. मोहनसिंग त्याचं नाव. त्यानं मूठ पुढं केली.

"उघडा मालक," भागवत म्हणाला.

"उघडीत न्हाई. तुमी मनातलं ओळखता ना? मग मूठ काहून उघडू?"

लोक हसले. अशा वेळी बोलायची चार वाक्यं भागवतपाशी होती, पण एकही जिभेवर येईना. हसणं वाढत गेलं. आणि मंचावरून शिवकन्येचा आवाज आला, हळू, जणू झोपेतून.

"घुगरी हाय. चांदीची. एकच."

मोहनसिंगची मूठ आपोआप उघडली. तळहातावर, बंजारा बाया लग्न झाल्यावर केसांत अडकवतात ती चांदीची घुगरी होती. जोडीतली एकच. बायांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी उठून आत निघून गेली. मग टाळ्या वाजल्या, त्या थांबेचनात.

दुसरा कुणी नवरा असता तर त्याची छाती फुगली असती. कुणी साधा माणूस असता तर त्यानं बायकोच्या अंगात आलं म्हणून हात जोडले असते. भागवत जादूगार होता. कुणाला काही कळलं तर ते कुणीतरी कळवलेलं असतं, एवढं एकच सत्य त्याला या धंद्यानं शिकवलं होतं. कबुतर हवेतून येत नाही, बाहीतून येतं. घुगरी त्यांच्या एकाही ओवीत नव्हती. त्यानं तर तोंडही उघडलं नव्हतं. मग ही खूण कुणाची?

परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कळलं," मागून उत्तर आलं.

"कळलं म्हणजे?"

"गाडी नीट चालवा. खड्डे हायेत."

खड्डे होते, हे खरं. पण भागवतला तेही सांगणं लबाडीचं वाटलं.

आठवड्याभरात मोहनसिंग दारात उभा राहिला. हातात गुळाची ढेप. "ताई हायेत का?" असं त्यानं विचारलं, भागवतशी जेवढ्यास तेवढं बोलला. शिवकन्या त्याला घेऊन न्हाणीपाशी गेली, दोघं हळू बोलत उभी राहिली. भागवत तांब्या घ्यायच्या निमित्तानं गेला, तशी दोघं गप्प झाली. मोहनसिंगचे डोळे लाल होते. शिवकन्येनं पदर सारखा केला.

"काय म्हणत होता?"

"काही न्हाई. दुःखी माणूस हाय."

"दुःखी माणसाला गुळाची ढेप काहून सुचते?"

ती हसली नाही. एरवी हसली असती.

पुढल्या बाजाराच्या दिवशी तो परत आला. भागवतच्या डोक्यात आता जातं फिरायला लागलं, आणि पीठ एकच पडायचं. आजकाल एकट्या बाईचा खेळ जास्त चालतो, हे त्यानं नांदेडला ऐकलं होतं. जादूगाराला बायको लागते; मन वाचणाऱ्या बाईला जादूगार कशाला लागेल? खुणा करणारा कुणीही चालेल. तो उंच गडी लोकांत उभा राहून खाकरला तरी पुरे. भागवत मग तिच्याकडं बघत बसायचा. भाकरी थापताना, दोरीवर कपडे टाकताना, फोनवर बोलताना. ज्या बाईच्या पोटाशेजारून त्यानं तलवारी घातल्या आणि तिनं कधी अंग चोरलं नाही, तिचं बोट जरी हललं तरी त्याला वाटायचं, ही कुणाला खूण करून राहिली?

वारंगा फाट्यावर गुलाबचंदचं बी-बियाण्याचं दुकान. त्यानं शेतकऱ्यांचा मेळावा ठेवला आणि करमणुकीला यांना बोलावलं. दुकानामागं मांडव, हायवेवरून ट्रकांचा गुरगुराट. गुलाबचंदनं कोटाची कॉलर धरून भागवतला बाजूला घेतलं.

"भागवतभाऊ, तांडे में भाभीजीने जो किया ना, वही होना. कबूतर-बिबूतर मत निकालना."

"कबुतरं कवाच गेली, शेठ."

"अच्छा हुआ. गंदगी करते थे."

खेळ सुरू झाला. घड्याळ बरोबर आलं, रुमाल बरोबर आला. आणि तिसऱ्या रांगेच्या कडेला भागवतला मोहनसिंग दिसला. हात मांडीवर, नजर सरळ मंचावरच्या खुर्चीकडं. हा बियाण्यासाठी आला असेल, असं एक मन म्हणालं. दुसऱ्या मनानं त्याला बोलू दिलं नाही. त्याच क्षणी भागवतनं ठरवलं.

त्यानं समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या, सोनाजीबाबांच्या, नाकावरचा चष्मा उतरवून घेतला, सगळ्या मांडवाला दिसेल असा उंच धरला. आणि विचारलं, "बरं, सांग, बाबांनी काय दिलंय?"

बरं म्हणजे किल्ली. हातात चष्मा. आता ती चष्मा म्हणाली, तर खूण दुसऱ्याची. किल्ली म्हणाली, तर त्याची. ती बरोबर ठरली तर खोटी, आणि चुकली तर खरी. असला घाणेरडा हिशेब त्यानं भरल्या मांडवात मांडला. डोळ्यांच्या कोपऱ्यात मोहनसिंगचे हात होते. ते हलले नाहीत.

शिवकन्येनं मान जराशी कलती केली. मांडवात कुठंतरी कुजबुज झाली, कुणी हसायचं थांबवलं. तिला काहीतरी वाटलं असावं, कारण ती नेहमीपेक्षा जास्त थांबली. मग म्हणाली, "किल्ली."

मांडव हसण्यानं हलला. सोनाजीबाबा डोळे बारीक करून ओरडले, "पोरी, माझ्या घराला कुलूपच न्हाई, किल्ली कुठून आणू?"

भागवतच्या छातीत थंडगार पाणी उतरलं. माझी हाय. माझ्याच शब्दावर चालली. लोक त्याच्या खेळावर हसत होते आणि त्याला नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात शिवकन्येनं पट्टी वर सरकवली. तिनं त्याच्या हातातला चष्मा बघितला. मग त्याची नजर बघितली, आणि ती नजर जिथून नुकतीच परतली होती ती तिसरी रांग बघितली. मोहनसिंग गोंधळून खाली बघत होता. तिनं पट्टीची नीट घडी केली.

गुलाबचंद तापला होता. "नाक कटा दिया. खाने के बाद एक बार और करना. बराबर करना."

जेवणं दुकानामागं, बियाण्यांच्या पोत्यांपाशी. शिवकन्येनं पत्रावळ घेतली पण घास मोडला नाही.

"चूक झाली," भागवत म्हणाला. "तोंडातून 'बरं' निघून गेलं."

"तुमच्या तोंडातून चुकून काही निघत न्हाई."

तो वरणात भात कालवत राहिला.

"मोहनसिंगभाऊ मला सांगत होते, असं वाटलं तुमाला?"

"मग घुगरी कुणी सांगितली?"

"त्याच्या मायनं. भिकाबाईनं. चहा पिताना. सून देवाघरी गेली, तिची एक घुगरी लेक मुठीत धरून बसतो, रात रात सोडत न्हाई, म्हणून रडली माझ्यापाशी."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"ती बाईपाशी बोलली, जादूवालीपाशी न्हाई. ते धंद्यात घालायचं माझ्या मनात नव्हतं. पण तुमचा आवाज येईना. लोक हसायला लागले. मला दिसत न्हाई, पण तुमी अडकलात की कसे उभे राहता ते मला ठाऊक हाय. म्हणून बोलले. म्हातारी उठून गेली ते तुमी बघितलं असंल. मी नुसतं ऐकलं."

पोत्यावर एक चिमणी येऊन बसली, दाणा नाही म्हणून उडून गेली.

"आणि तो घरी येतो ते?"

"ती अजून काय म्हणली, ते विचारायला येतो. त्याला वाटतं बायको माझ्याशी बोलली. काय सांगू त्याला? तुझ्या मायनं चुगली केली म्हणू?"

"काय सांगितलंस?"

"म्हणलं, भाऊ, ती शांत हाय."

"खोटंच की ते."

"मग? कुणाची बायको हाय मी?"

भागवतला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते ओठांवरच विरलं. "घरी सांगायचंस तरी," तो पुटपुटला.

"विचारलं कसं तुमी? चोराला विचारतात तसं." तिनं पत्रावळ बाजूला सारली. "पेटीत बसायचे तवा तलवार कुठून येणार ते मला माहीत असायचं. आता जेवणानंतर तुमी 'आधी सांग' म्हणलात, तर मी काय समजू? घड्याळ, का माझी परीक्षा?"

माइकवर गुलाबचंद लोकांना बसायला सांगत होता.

"पट्टी तुमी बांधा," ती म्हणाली. "मी फिरते लोकांत."

"मला जमंल का?"

"ओव्या येतात ना? मग बसा."

भागवत खुर्चीत बसला. तिनं मागून गाठ मारली, चांगली घट्ट. इतके दिवस ही गाठ तोच मारायचा. आत एवढा काळोख असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या चपला मंचावरून उतरल्या, मांडवात गेल्या, माणसांच्या आवाजात बुडाल्या. त्याचे कान कुत्र्यासारखे तिच्या मागं धावले. तिसरी रांग कुठल्या बाजूला? कोण खाकरलं? कोण खुर्ची सरकवतंय? एक बाई हसली, ती कुणाला? काळोखात हजार खुणा होत्या आणि त्यातली एकही त्याच्यासाठी नव्हती.

"आता सांगा," शिवकन्येचा आवाज आला. "काय हाय माझ्या हातात?"

आता म्हणजे रुमाल. पण तिच्या हातात खरंच रुमाल असेल? चष्मा असला तर? मूठभर सोयाबीन असलं तर? सगळ्या मांडवापुढं त्याला तोंडघशी पाडायचा हक्क आज तिचा होता, आणि त्यानंच तो दिला होता. कपाळाचा घाम पट्टीत मुरला. तिनं परत विचारलं नाही. ती वाट बघत होती.

"रुमाल," भागवत म्हणाला.

मग कोपऱ्यात कुणी हसलं, आणि पाठोपाठ टाळ्या वाजल्या. पट्टी ओढून काढीपर्यंत ज्याची वस्तू त्याच्याकडं गेली होती. शिवकन्या रिकाम्या हातांनी मंचाकडं येत होती. मोहनसिंग खुर्चीत नव्हता. गुलाबचंद अंगठा दाखवत होता, पण त्याचं काय, टाळ्या वाजल्या की तो अंगठा दाखवायचाच.

ऊन उतरताना दोघं कळमनुरीच्या वाटेला लागली. बाळापूर मागं पडलं.

"रुमालच होता ना?" भागवतनं विचारलं.

"तुमी काय म्हणलात?"

"रुमाल."

"टाळ्या वाजल्या?"

"वाजल्या."

"मग झालं."

गाडीचा आरसा फिरवला असता तर तिचं तोंड दिसलं असतं. हसत होती का, रडत होती, की नुसतीच हळदीच्या रानाकडं बघत होती, ते कळलं असतं. भागवतचा हात आरशापर्यंत गेला. मागून एक ट्रक हॉर्न देत जवळ आला होता. त्यानं आरसा ट्रक दिसेल असा नीट केला, आणि गाडी कडेला घेतली.